एडिटरच्या खुर्चीतून हॉलीवूड: नीट कापलेले सिनेमे आणि नुसतेच कापलेले सिनेमे

प्रश्न थोडक्यात असा की हॉलीवूडच्या गेल्या तीसेक वर्षांतल्या गाजलेल्या सिनेमांमध्ये एडिटिंग खरंच भारी कशाचं आहे, आणि ज्याचं एडिटिंग फास्ट त्याचं एडिटिंग चांगलं असं जे सगळे धरून चालतात ते बरोबर आहे का. मी मुंबईत एडिटिंग करते, सिरियल, जाहिराती आणि अधूनमधून एखादा मराठी सिनेमा, त्यामुळे हे फास्टचं प्रकरण मला नवीन नाही. मागे सोफ्यावर बसलेला निर्माता चहाचा घोट घेऊन "जरा क्रिस्प करूया ना" म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा जास्त कट हवे असतात, आणि दिले की तो खूशही होतो, भले सीन होता त्याहून वाईट का होईना.

तर माझं उत्तर: नाही, बरोबर नाही. तर्री जास्त ओतली म्हणून मिसळ चांगली होत नाही तसंच आहे हे. मी दोनच गोष्टी बघते. एक, कट झाला तेव्हा माझा डोळा पडद्यावर जिथे होता, पुढच्या शॉटमध्ये बघायची गोष्ट तिथे किंवा तिथून जवळ आहे का. आणि दुसरी, एडिटर कुठे थांबलाय, म्हणजे कापायची सोय असूनही कुठे कापलेलं नाही. या दोन गोष्टी जमल्या असतील तर कट दोनशे असोत की तीन हजार, मला फरक पडत नाही. खाली जे लिहिलंय ती माझी मतं आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या, पण कारणं वाचून मग सोडा.

मॅड मॅक्स: फ्युरी रोड घ्या, २०१५ चा. नामिबियाच्या वाळवंटात शूट झालेला, फुटेज साधारण ४८० तास, आणि दोन तासांच्या सिनेमात अंदाजे २७०० कट. आकडा ऐकूनच डोकं दुखायला पाहिजे, पण सिनेमा बघताना नाही ना दुखत? कारण दिग्दर्शक जॉर्ज मिलरने कॅमेरामन जॉन सीलला सांगूनच ठेवलं होतं की जे बघायचंय ते फ्रेमच्या मधोमध ठेव, मग तो चेहरा असो, बंदूक असो नाहीतर टँकरचं नाक. त्यामुळे शॉट एक सेकंदाचा असला तरी डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही, डोळा एका जागी आणि पुढे शॉट बदलत जातायत. ही युक्ती ऐकायला फार सोपी वाटते, पण सेटवर प्रत्येक शॉटला ती पाळणं महाकठीण, कारण कॅमेरामनचा हात आपोआप सुंदर फ्रेम लावायला जातो. एडिटर मार्गारेट सिक्सेल, मिलरची बायको, तिने त्याआधी अ‍ॅक्शन सिनेमा कापलेला नव्हता, आणि मिलरचं म्हणणं असं की म्हणूनच तिला दिला, एखाद्या पुरुषाने कापला असता तर बाकीच्या अ‍ॅक्शन सिनेमांसारखाच दिसला असता. तिला ऑस्कर मिळालं आणि ते अगदी रास्त होतं. पण मला त्यातला सगळ्यात आवडलेला भाग पाठलागाचा नाहीये. सिनेमाची नायिका फ्युरिओसा, तिला कळतं की ती जिथे निघाली होती ती हिरवी जागा शिल्लकच नाही, तेव्हा ती एकटी लांब चालत जाते, तो लोखंडी हात काढून टाकते आणि वाळूत गुडघ्यावर बसून ओरडते. तिथे सिनेमा थांबतो. आधीचा तासभर आपल्याला श्वास घेऊ दिलेला नसतो, त्यामुळे ते थांबणं अंगावर येतं.

आता २००७ चं साल. एडिटिंगचं ऑस्कर त्या वर्षी द बॉर्न अल्टिमेटमला मिळालं, क्रिस्टोफर राऊसला, आणि त्याच नॉमिनेशनमध्ये नो कंट्री फॉर ओल्ड मेन होता. एकाच वर्षातले दोन सिनेमे आणि स्वभाव एकदम उलटे. मला कुणी शिकवायला बोलावलं तर मी हे दोन लागोपाठ दाखवते आणि फार बोलत नाही.

बॉर्नमध्ये वॉटर्लू स्टेशनचा सीन आहे. गर्दी, एक घाबरलेला पत्रकार, आपल्याच खात्यापासून पळणारा गुप्तहेर बॉर्न त्याला फोनवर सांगतोय डावीकडे वळ, आता थांब, बुटाची लेस बांध, आणि तिकडे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचे लोक कॅमेऱ्यांवरून दोघांना शोधतायत, शिवाय एक मारेकरी वर जाऊन बसतोय. सिनेमाचा सरासरी शॉटच दोन सेकंदांच्या आसपास, कॅमेरा हातात धरून हलवलेला, म्हणजे कागदावर नुसता गोंधळ व्हायला पाहिजे. होत नाही, कारण प्रत्येक कट काहीतरी नवीन सांगतो: याने त्याला बघितलं, त्याला ते कळलं, हा कॅमेरा आता दुसरीकडे फिरला, आता हालचाल करायला चार सेकंद आहेत. कोण कुणाला बघतंय याचा हिशोब राऊसने एकदाही चुकू दिलेला नाही.

आणि मग जगभरच्या लोकांनी यातून काय उचललं तर कॅमेरा हलवायचा आणि पटापट कापायचं. हिशोब कुणीच उचलला नाही. टेकन ३ मध्ये लियाम नीसन तारेचं कुंपण चढून उडी मारतो तो तुकडा बघितला नसेल तर बघाच, सहा-सात सेकंदांत दहा-पंधरा कट आहेत, एका उडीसाठी! सिनेमाची निर्मिती फ्रेंच आहे पण माल हॉलीवूडच्याच दुकानातला. साठी ओलांडलेला हिरो आहे, उडी काही तो फार जोरात मारणार नाही, म्हणून एडिटरने तुकडे करून वेग आणायचा प्रयत्न केला हे मला कळतं, मीसुद्धा कलाकाराचं वय आणि पोट झाकायला कट मारलेत, आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. पण त्याने होतं काय की माणूस कुंपणाच्या अलीकडे आहे की पलीकडे तेच कळत नाही.

याचा इलाज एडिटिंगमध्ये नाहीये, शूटिंगच्या आधी आहे. १९९९ च्या मॅट्रिक्ससाठी हाँगकाँगच्या युएन वू-पिंगने कलाकारांकडून महिनोन्महिने फाइटची तालीम करून घेतली होती, म्हणून एडिटर झॅक स्टेनबर्गला शॉट लांब धरता आले. त्याच मॅट्रिक्समध्ये कियानू रीव्ह्जचा स्टंट डबल असलेला चॅड स्टहेल्स्की पुढे जॉन विकचा दिग्दर्शक झाला, तोही हेच करतो, हिरोला आधी शिकवा, मग लांबून आणि लांब शॉट घ्या. जॉन विकची गोष्ट काय, कुत्रा मेला आणि हा चिडला, एवढीच. तरी लोक बघतात, कारण कोण कुठे पडलं ते दिसतं.

आता नो कंट्री. त्यातला पेट्रोल पंपाचा सीन. चिगर नावाचा खुनी माणूस सुकामेव्याचं पुडकं आणि पेट्रोलचे पैसे द्यायला काउंटरवर उभा आहे, पंपवाला म्हातारा सहज दोन शब्द बोलायला जातो आणि याला ते खटकतं. बस, मग दोन माणसं काउंटरच्या दोन बाजूंना बोलतायत, एवढाच सीन आहे, एरवी कुठल्याही सिरियलमध्ये असतो तसा. याचा मिड, म्हणजे कंबरेपासून वरचा शॉट, मग त्याचा मिड, याचा, त्याचा. बोलणं जसं पुढे जातं तसे दोघेही फ्रेममध्ये मोठे होत जातात, पण इतके हळू की लक्षात येत नाही. मध्येच चिगर खाऊन झालेल्या पुडक्याचा कागद चुरगाळून काउंटरवर ठेवतो आणि एडिटर कट करून त्या कागदावर जातो. तो कागद चुर्र चुर्र करत उलगडतो. पूर्ण उलगडेपर्यंत शॉट धरलाय. गोष्टीच्या दृष्टीने त्या कागदाचं काही काम नाही, मी काम करते तिथे असा शॉट ठेवला तर पहिला फोन चॅनेलचा येईल की हे काय आहे. पण त्या तीन-चार सेकंदांत आपल्याला कळतं की हा माणूस या म्हाताऱ्याला आज मारू शकतो, आणि मग नाणं निघतं, छापा की काटा, त्यावर म्हाताऱ्याचा जीव. म्युझिक जवळजवळ नाहीच. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिथे व्हायोलिन किंकाळत असते.

मजा म्हणजे या सिनेमाचा एडिटर रॉडरिक जेन्स नावाचा माणूसच अस्तित्वात नाही. ते सिनेमाचे दिग्दर्शक कोएन भाऊ यांनी स्वतःसाठी घेतलेलं खोटं नाव आहे, आणि अ‍ॅकॅडमीने त्या नसलेल्या माणसाला दोनदा नॉमिनेट केलंय, आधी फार्गोसाठी आणि मग या सिनेमासाठी. ऑस्कर मी असते तर यालाच दिलं असतं. पण राऊसला मिळालं म्हणून तक्रारही नाही.

तक्रार आहे ती क्वीन या बँडवरच्या बोहेमियन ऱ्हॅप्सडीबद्दल, आणि तीही लोक करतात त्याहून थोडी वेगळी. २०१८ चा सिनेमा, एडिटर जॉन ओटमन, ऑस्कर मिळालं, आणि मग त्यातला पबच्या बाहेर टेबलावर बसून बँडची नव्या मॅनेजरशी भेट होते तो सीन जगभर फिरला, कारण त्यात कुणी बोललं की कट, कुणी नाही बोललं तरी कट, कुणी नुसतं मान हलवली तरी कट. वाईट आहेच तो. ओटमनने स्वतःच मुलाखतीत सांगितलं की तो सीन दिसला की तोंड लपवावंसं वाटतं. पण सिनेमाच्या दिग्दर्शकाला शूट चालू असताना काढलं होतं आणि दुसऱ्याने येऊन पूर्ण केला, असल्या मटेरियलमधून लोक थिएटरात टाळ्या वाजवतील असा सिनेमा उभा केला ही गोष्ट एडिटर लोकांना दिसते, म्हणून बहुतेक मतं पडली असणार. शेवटचा लाइव्ह एडचा, म्हणजे त्या मोठ्या कॉन्सर्टचा भाग खरंच चांगला कापलाय, गर्दी, पियानो, घरी टीव्हीसमोर बसलेले आईवडील, सगळं गाण्याच्या तालात बसतं. माझी तक्रार एवढीच की सावरून नेणं वेगळं आणि चांगलं कापणं वेगळं. सावरून नेण्याचं बक्षीस द्यायचं तर मराठी सिरियलवाल्यांच्या घरी कपाटं कमी पडतील.

द सोशल नेटवर्क, २०१०, फेसबुकवाल्या मार्क झुकरबर्गवरचा. हा मला दरवर्षी आधीपेक्षा जास्त आवडतो. पहिला सीन, मार्क आणि त्याची मैत्रीण बारमध्ये बोलतायत आणि शेवटी ती त्याला सोडून जाते, या सीनचे ९९ टेक घेतले होते डेव्हिड फिंचरने. नव्व्याण्णव. आमच्याकडे दुसऱ्या टेकला "ओके, मूव्हिंग ऑन" होतं, कारण कलाकाराला सहा वाजता सोडायचं असतं, कित्येकदा समोरचा कलाकार सेटवर नसतोच, असिस्टंट उभा राहून ओळी वाचतो. पण टेक ९९ म्हणजे एडिटरची चैन असं समजू नका, त्या ढिगातून नेमका श्वास, नेमकी पापणी शोधायची म्हणजे वेड लागायची पाळी. कर्क बॅक्स्टर आणि अँगस वॉल यांनी एकाच फ्रेममध्ये डावीकडच्या नटाचा एक टेक आणि उजवीकडच्याचा दुसरा असंही जोडलंय, दिसतं कुठे? स्क्रिप्ट १६० पानांच्या वर होतं, साधारण पानाला मिनिट धरतात, आणि सिनेमा दोन तासांत बसला, म्हणजे लोक किती वेगाने बोलतायत बघा. हा फास्ट सिनेमा आहे हो, पण वेग बोलण्यातून येतो, आणि मार्कची बडबड चालू असताना आपण मधूनमधून तिच्याकडे बघत असतो, तिचा चेहरा हळूहळू बंद होत जातो. बोलणाऱ्यावरच शॉट ठेवायचा हा नियम ज्याने कुणी केलाय त्याला हा सीन दाखवावा.

आता एक लहानसं विषयांतर, कंटिन्युइटीबद्दल, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना हात, वस्तू, जागा यांचा मेळ राखण्याबद्दल. "या सिनेमातल्या २५ चुका" असले व्हिडिओ लोक मला पाठवत असतात, ग्लास आधी अर्धा होता मग भरला वगैरे. पल्प फिक्शनमध्ये गोळ्या झाडायच्या आधीच भिंतीला भोकं दिसतात हेही जगाला माहितीये. मला सांगा, त्याने सिनेमाचं काय बिघडलं? थेल्मा स्कूनमेकर स्कॉर्सेसीचे सिनेमे कापते, गुडफेलाजमध्ये हात, सिगारेट, ग्लास कशाचाच मेळ नसतो कित्येक ठिकाणी, कारण ती नटाचा खरा क्षण निवडते आणि ग्लास गेला खड्ड्यात. वॉल्टर मर्चने कट कुठे मारायचा याचे सहा निकष सांगितलेत, त्यात भावनेला ५१ टक्के दिलेत आणि जागेच्या कंटिन्युइटीला ४. हा मर्च म्हणजे तो, ज्याला द इंग्लिश पेशंटसाठी ऑस्कर मिळालं, कंप्युटरवर एडिट केलेल्या सिनेमाला मिळालेलं ते पहिलं. तो सांगतोय तर ऐका.

जुरासिक पार्क. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो हिंदीत डब झालेला बघितला, इंग्लिश कळायचं नाही आणि काही अडलंही नाही. दोन तास सात मिनिटांच्या सिनेमात डायनासोर पडद्यावर असतात साधारण पंधरा मिनिटं, टी-रेक्स यायलाच तास लागतो. तो येतो तो सीन बघा आणि मुद्दाम कान देऊन ऐका, म्युझिक नाहीये. पाऊस, वायपर, पाण्याच्या ग्लासातली वलयं, आधी काचेवर येऊन पडणारा बकरीचा पाय. जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असताना त्याला गप्प बसवलंय. एडिटर मायकल कान तेव्हा फिल्म हाताने कापायचा, आणि टी-रेक्स पूर्ण दिसतो ते शॉट त्याने घाईने सोडलेले नाहीत, भीतीने आपणच डोळे फिरवू इतका वेळ धरलेत. त्याच वर्षी त्याने शिंडलर्स लिस्ट कापला आणि त्याचं ऑस्कर घेतलं, एकाच माणसाचे एकाच वर्षातले हे दोन सिनेमे आहेत हे मला अजून पचत नाही. नंतरच्या जुरासिकमध्ये डायनासोर भरपूर आहेत. भीती नाही.

टायटॅनिकला नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. तीन तास चौदा मिनिटं, हिमनग येईपर्यंत दीड तास उलटून गेलेला, आणि तरी थिएटरमधून कुणी उठत नाही, याला एडिटिंग म्हणतात. एक गोष्ट सांगते जी पटकन लक्षात येत नाही. सुरुवातीलाच म्हाताऱ्या रोझला कंप्युटरवर दाखवतात की जहाज कसं बुडालं, पुढून पाणी, मागचा भाग वर, मधून दोन तुकडे. तो टाइमपास वाटतो. पण पुढे बुडताना एडिटर सतत खालीवर, पुढेमागे उड्या मारतो तेव्हा आपण कुठे आहोत हे आपल्याला कळतं ते त्या अ‍ॅनिमेशनमुळे, नकाशा आधीच डोक्यात बसलेला असतो. शिवाय कॅमेरूनने, तो स्वतः तिघा एडिटरांपैकी एक, बुडत्या जेवणघरातली जॅक आणि त्या श्रीमंताच्या नोकराची आख्खी मारामारी काढून टाकली. एवढं पाणी, एवढा सेट, एवढा खर्च, आणि प्रिव्ह्यूला लोकांना ती पटेना म्हणून बाहेर. तो सीन बघायला मिळतो, बघा, वाईट नाहीये. पण जहाज बुडत असताना हिऱ्यासाठी मारामारी कोण बघणार? आपल्याकडे असा महागडा सीन काढायला सांगा निर्मात्याला आणि मग मला येऊन सांगा काय झालं ते.

मार्व्हलबद्दल फार लिहीत नाही. विंटर सोल्जरमधली लिफ्टमधली मारामारी उत्तम, कारण मारामारीच्या आधी लिफ्टमध्ये एकेक माणूस चढत जातो तो वेळ त्यांनी घेतलाय. एंडगेमचा पहिला तास, सगळे हरून बसलेत तो, मला शेवटच्या लढाईपेक्षा कितीतरी आवडतो. शेवटच्या लढाया मला एकमेकींपासून वेगळ्या आठवत नाहीत, त्यात एडिटरचा दोष कमी आहे, या लढायांचे शॉट शूटच्या आधीच कंप्युटरवर कच्चे बनवून ठेवलेले असतात, मग एडिटरला जागा उरते ती ट्रिम करण्याइतकी.

आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन, कारण त्याच्याशिवाय आपल्याकडे कुठलीही हॉलीवूडची गप्पा पुरी होत नाही. इन्सेप्शनमध्ये पुलावरून पडणारी गाडी, हॉटेलचा फिरणारा कॉरिडॉर, बर्फातला किल्ला असं सगळं एकदम चालवलंय आणि त्याला एडिटिंगचं साधं नॉमिनेशनही नव्हतं, हे मला आजही विचित्र वाटतं. टेनेटचे संवाद ऐकू येत नाहीत, येत नाहीत म्हणजे येत नाहीत, तुमच्या थिएटरचा दोष नाही. ओपनहायमरचा पहिला तास मला दमवतो, माणूस आत आला, एक वाक्य बोलला, कट, पुढचा माणूस, आख्खा तास ट्रेलर बघितल्यासारखा. पण तिथेही एडिटर जेनिफर लेमने ट्रिनिटीच्या, म्हणजे पहिल्या अणुचाचणीच्या स्फोटाला जे केलंय, प्रकाश आला आणि आवाजच नाही, फक्त श्वास, आणि आवाज येईल येईल म्हणून आपण खुर्चीत आखडून बसलोय, तेवढ्यासाठी तिचं ऑस्कर मान्य.

नोलनचा माझा आवडता डंकर्क. किनाऱ्यावरचा एक आठवडा, बोटीवरचा एक दिवस, विमानातला एक तास, तिन्ही एकत्र कापलेत ली स्मिथने, आणि हळूहळू तिन्ही एका ठिकाणी येऊन मिळतात. १०६ मिनिटांचा सिनेमा, श्वास न सोडता बघायचा. आपल्याकडे थिएटरात त्यालाही इंटरवल. मराठी सिनेमाचा इंटरवल आम्ही लिहिताना ठरवतो, कापताना तिथे चढ देतो, पण या सिनेमांमध्ये ती जागाच नसते, मग थिएटरवाला घड्याळ बघून कुठेतरी तोडतो, विमान हवेत असताना दिवे लागतात आणि समोसे येतात. नंतर पाचेक मिनिटं कुठला काळ कुठे चाललाय तेच लागत नाही, आणि लोक बाहेर येऊन म्हणतात सिनेमा कन्फ्युजिंग होता.